तोरणमाळच्या आधी: रोड बाइकला ब्रेक-गियरच्या वायरी कोणत्या घ्याव्यात?

शहाद्याहून आलेला प्रश्न थोडक्यात असा. चार वर्षं वापरलेली ॲल्युमिनियमची रोड बाइक, शिमानो सोरा ९-स्पीड गियर, रिमवर दाबणारे कॅलिपर ब्रेक, फ्रेमच्या बाहेरून जाणाऱ्या वायरी. मागचा गियर मोठ्या कॉगवर (मागच्या चाकावरच्या दातेरी चकतीवर) नीट जातो, पण लहान कॉगवर उतरताना अडकतो आणि थोड्या वेळाने खाडकन पडतो. मागचा ब्रेक जड झालाय, लिव्हर सोडली तरी पॅड लगेच मागे येत नाहीत. एका दुकानात डिरेलरच, म्हणजे चेन एका कॉगवरून दुसऱ्यावर नेणारा भाग, बदला म्हणाले. दुसऱ्या दुकानातल्या काकांचं मत, ‘वायर ती वायर शे भो, तिनामा काय देखनं?’ ऑनलाइन पाहिलं तर दीडशे रुपयांपासून तीन हजारांपर्यंतचे सेट दिसतात. पावसाळा संपला की तोरणमाळचा घाट सायकलने करायचाय, तर नेमकं काय घ्यावं?

भाऊ, डिरेलर राहू द्या. ब्रेक आणि गियर दोन्हींचे आऊटर (वायरीवरचं जाड आवरण) नवे आणि चांगले घ्या, इनर (आतली सरकणारी तार) स्टेनलेसचे पण साधे घ्या, आणि जे पैसे वाचतील त्यातून वायर कापायचा खास कटर आणा. महागातला सेट पकडीने वाकडा कापून बसवलेला असला, तर नीट बसवलेल्या स्वस्त सेटपेक्षा वाईट चालतो. आमच्या जळगावात दुरुस्तीला येणाऱ्या सायकलींवर हे नेहमी दिसतं.

डिरेलर निर्दोष का म्हणतो ते सांगतो. मोठ्या कॉगवर नेताना वायर तुम्ही बोटांनी ओढता. आत घाण असली तरी बोटांची ताकद ती मारून नेते. उतरताना मात्र सगळा भार डिरेलरच्या स्प्रिंगवर असतो. वायर आऊटरमध्ये घासत असेल तर स्प्रिंगला ती मागे खेचता येत नाही, म्हणून गियर लटकतो आणि रस्त्यात एखादा धक्का बसला की पडतो. खात्री घरीच करता येते. चेन सगळ्यात लहान कॉगवर आणा, डिरेलरवरचा वायरीचा बोल्ट सैल करून वायर सोडवा आणि डिरेलर हाताने आत ढकलून सोडा. झटकन जागेवर आला तर तो ठणठणीत आहे. मग वायरीचं मोकळं टोक ताणून धरा आणि शिफ्टरचे, म्हणजे हँडलवरच्या गियर बदलायच्या लिव्हरचे, क्लिक द्या. वायर एकसारखी सरकली पाहिजे. अडखळली किंवा खरखर लागली, तर दोष तिथेच आहे. एक अपवाद आहे. सायकल कधी उजव्या अंगावर पडली असेल तर डिरेलर ज्यावर टांगलेला असतो तो हँगर वाकलेला असू शकतो. मग गियर दोन्ही दिशांना त्रास देतो आणि कितीही भारी वायर टाकली तरी तो सरळ होत नाही.

ब्रेकलाही हीच तपासणी लावा. वायर सोडून कॅलिपरचे दोन्ही हात हाताने दाबून सोडा. मोकळे उघडले तर वायर दोषी, सुस्त उघडले तर कॅलिपरच्या सांध्याला साफसफाई आणि दोन थेंब तेल हवं. तुमच्या सायकलवर मला वायरीचाच संशय आहे, आणि कारणही आपल्याकडचं आहे. उन्हाळ्यात सकाळी आठनंतर सायकल चालवली की कपाळावरचा घाम टॉप ट्यूबवर, म्हणजे फ्रेमच्या वरच्या आडव्या नळीवर, टपकतो. तिथे मागच्या ब्रेकची वायर उघडी असते. घाम त्या वायरीवरून ओघळत सीटजवळच्या आऊटरच्या तोंडात शिरतो आणि आत मीठ साचतं. गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा मुलामा दिलेली) वायर असेल तर गंज तिथूनच सुरू होतो. मागच्या ब्रेकचा तो शेवटचा आखूड तुकडा काढून बघा, बहुतेक वेळा वायर तांबूस निघते. पुढचा ब्रेक हलका आणि मागचाच जड, याचा उलगडा तिथे होतो.

आता आऊटर. ब्रेकचा आणि गियरचा आऊटर वरून सारखेच दिसतात, फरक कापलेल्या टोकात दिसतो. ब्रेकच्या आऊटरमध्ये पोलादी पट्टी स्प्रिंगच्या आकारात गोल गुंडाळलेली असते. गियरच्या आऊटरमध्ये बारीक पोलादी तारा लांबीच्या दिशेने एकमेकींना लागून असतात. चांगल्या आऊटरमध्ये, दोन्हींत, मधोमध प्लास्टिकची पातळ नळी असते, तिला लायनर म्हणतात. इनर वायर त्या नळीतून सरकते. साधारणपणे ब्रेकचा आऊटर ५ मि.मी. आणि गियरचा ४ मि.मी. जाडीचा असतो, पण गियरचे ५ मि.मी. आऊटरही बाजारात आहेत. म्हणून नुसत्या जाडीवर विसंबू नका, टोक बघा.

रचना वेगळी असायला कारण आहे. शिमानोने १९८४ मध्ये ड्युरा-एस या आपल्या सगळ्यात वरच्या मालिकेवर इंडेक्स शिफ्टिंग आणलं. एक क्लिक म्हणजे वायर ठरलेली तेवढीच ओढली जाणार, हा त्याचा सगळा हिशोब. गुंडाळलेल्या पट्टीचा आऊटर दाबला किंवा वळवला की त्याची लांबी किंचित बदलते. ब्रेकला त्याने काही बिघडत नाही, पण गियरचा हिशोब तेवढ्यानेही चुकतो. म्हणून गियरला सरळ तारांचा आऊटर, ज्याची लांबी दाबाखाली जवळजवळ बदलत नाही.

उलटी अदलाबदल मात्र जिवावर बेतते. गियरच्या आऊटरमधल्या तारांना बाहेरून धरून ठेवणारं असतं ते फक्त प्लास्टिकचं आवरण. ब्रेक करकचून दाबला की येणारा दाब गियरच्या दाबापेक्षा कितीतरी जास्त असतो. आवरण फाटतं, तारा केळीच्या सोपटासारख्या बाजूला होतात आणि लिव्हर थेट हँडलला टेकते. हे घरासमोर फेरी मारताना होत नाही. घाटात, उतारावर, जिवाच्या आकांताने ब्रेक दाबता तेव्हाच होतं. ‘वायर ती वायर’ म्हणणाऱ्या काकांना एवढी एक गोष्ट जरूर सांगा. गियरचा आऊटर ब्रेकला कुणीही, कितीही घाईत असलं तरी लावायचा नाही.

इनर वायरीही आपापसांत चालत नाहीत. ब्रेकची वायर साधारण १.५ ते १.६ मि.मी. जाड, गियरची १.१ ते १.२ मि.मी. शिमानोच्या शिफ्टरला १.२ची वायर चालते. ब्रेकची वायर गियरच्या शिफ्टरमध्ये जातच नाही, त्यामुळे तिथे धोका नाही. गियरची वायर ब्रेकच्या लिव्हरमध्ये कशीबशी अडकवता येते, आणि धोका तिथे आहे. वायर बारीक, टोकाची गोळीही लहान. जोरात दाबल्यावर ती गोळी निसटू शकते.

गोळीचा आकार हा दुकानात हमखास चुकणारा मुद्दा. ड्रॉप हँडलच्या, म्हणजे तुमच्यासारख्या खाली वळलेल्या हँडलच्या, ब्रेक लिव्हरला नासपतीच्या आकाराची गोळी लागते, एमटीबीच्या (डोंगरी सायकलीच्या) सरळ हँडलच्या लिव्हरला आडव्या दंडगोलाची. आपल्याकडच्या दुकानांत एका टोकाला एक आणि दुसऱ्या टोकाला दुसरी गोळी असलेली वायर सर्रास मिळते. नको असलेली गोळी कापून टाकायची. सोय चांगली आहे, पण त्यातल्या बऱ्याच वायरी गॅल्व्हनाइज्ड असतात आणि मागच्या ब्रेकला लांबी पुरत नाही. रोड बाइकच्या मागच्या ब्रेकला १७०० मि.मी. किंवा त्याहून लांब आणि गियरला २१०० मि.मी.ची वायर घ्यावी म्हणजे चिंता नाही. कॅम्पॅग्नोलो या दुसऱ्या कंपनीच्या लिव्हर असतील तर त्यांच्या गोळ्या शिमानोपेक्षा किंचित लहान असतात, त्यांना त्यांचीच वायर हवी. तुम्हाला तो प्रश्न नाही. एसरॅम आणि मायक्रोशिफ्ट या कंपन्यांच्या शिफ्टरला शिमानोची गियर वायर चालते.

स्टेनलेस की गॅल्व्हनाइज्ड यात मी फार वेळ घालवत नाही. स्टेनलेस घ्या. फरक थोड्या रुपयांचा आहे. वायरीवर बोट फिरवलं की गुळगुळीत लागली पाहिजे. चांगल्या वायरी बनवताना साच्यातून ओढून वरचे उंचवटे सपाट केलेले असतात, पाकिटावर ‘स्लिक’ किंवा ‘पॉलिश्ड’ लिहिलेलं असतं ते हेच.

महागड्या सेटमध्ये टेफ्लॉन किंवा पॉलिमरचा लेप दिलेल्या वायरी असतात. नव्या असताना हात लावला की मजा येते, एवढ्या हलक्या चालतात. माझं मत मात्र खान्देशातल्या रोजच्या वापरासाठी त्यांच्या विरोधात आहे. लेप जिथे घासतो तिथे, विशेषतः शिफ्टरच्या तोंडाशी आणि आऊटरच्या टोकाशी, त्याचे केसासारखे धागे सुटतात. त्या धाग्यांत आपली धूळ अडकली की लायनरमध्ये बोळा तयार होतो. वर्षभर कोरड्या, स्वच्छ डांबरी रस्त्यावर शर्यतीची सायकल चालवणाऱ्याने जरूर घ्याव्यात. शहादा-लोणखेडा भागात उसाच्या ट्रॅक्टरमागून चालवणाऱ्याने ते पैसे आऊटरवर घालावेत.

आऊटरमध्ये काय बघायचं? गियरला शिमानोचा एसपी४१ हा माझा नेहमीचा. आतमध्ये सिलिकॉन ग्रीस आधीच भरलेलं असतं, मीटरवर सुटाही मिळतो. जॅगवायरचे लायनर असलेले आऊटरही उत्तम. ब्रेकला या दोघांपैकी कुणाचाही ५ मि.मी.चा, लायनरवाला. बिनलायनरचा आऊटर, जो जुन्या घरगुती सायकलींना लावतात, तो नको. तुमच्यासारख्या फ्रेमला गियरचा दोन मीटर आणि ब्रेकचा अडीच मीटर घेतला तर पुरून उरतो. फ्रेमच्या आतून अखंड आऊटर जात असेल तर जास्त लागेल, जुना मोजूनच घ्या. ज्यांच्याकडे शिमानोचे १०५ आर७००० किंवा अल्टेग्रा आर८०००चे डिरेलर आहेत, त्यांच्या मागच्या वळणासाठी शिमानो अधिक लवचीक आरएस९०० आऊटर देते. तो तिथेच वापरावा. सोराला गरज नाही.

आऊटरच्या दोन्ही टोकांना टोपी लागते. सायकलवरची बहुतेक धूळ टोपीच्या तोंडातूनच आत जाते. डिरेलरकडच्या शेवटच्या तुकड्यावर रबरी सील असलेली टोपी घाला, बाकी ठिकाणी साधी पुरते. आपली काळी माती ओली असताना चाकाबरोबर उडून तिथे चिकटते, वाळली की बारीक होऊन आत शिरते आणि लायनर घासत बसते. मागच्या डिरेलरचं ते अर्धवर्तुळ सगळ्यात खाली, सगळ्यात मागे, चाकाच्या अगदी जवळ असतं. बाकी काही बदलायला पैसे नसतील तर दर पावसाळ्यानंतर निदान तेवढा वीतभर तुकडा बदला. अर्ध्या तक्रारी तिथेच मिटतात.

कापण्याकडे मी सगळ्यात जास्त लक्ष देतो, म्हणून इथे जरा थांबतो. साध्या पकडीने आऊटर चेपला जातो, कापला जात नाही. केबल कटरच्या पात्यांना अर्धगोल खाच असते, ती आऊटरला चहूबाजूंनी धरते. कापताना आत जुनी इनर वायर राहू द्या, म्हणजे लायनर दबत नाही. कापल्यावर टोक उजेडात धरून बघा. ब्रेकच्या आऊटरमध्ये पट्टीचं शेवटचं टोक आत वळून भोकावर आडवं आलेलं दिसेल. ते तसंच राहिलं तर वायर आयुष्यभर त्यावर घासत राहते. ते टोक कटरने उडवा, मग बारीक कानशीने तोंड सपाट करा. कानस आऊटरशी काटकोनात धरा. गियरच्या आऊटरला तर हे जास्तच महत्त्वाचं, कारण तारांपैकी एखादी पुढे राहिली तर टोपी तिरकी बसते आणि दाबाखाली सरकत राहते. मग लायनरचं तोंड टोकदार आरीने गोल उघडा. जुन्या स्पोकचं टोक घासून तयार केलं तरी काम भागतं. शेवटी फुंकर मारा, कानशीचा चुरा आत राहता कामा नये. टोपी हाताने सरळ आणि पूर्ण बसली तर कापलेलं बरोबर.

लांबीसाठी जुना तुकडा समोर ठेवून मापायचा, पण जुना बरोबरच होता असं गृहीत धरू नका. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा. कुठेही आऊटर ताणला जाता कामा नये आणि कुठेही मोडल्यासारखा कोन होता कामा नये. डिरेलरच्या मागचं वळण फार आखूड केलं तर वायर तीव्र कोनात वळून घासते, फार मोठं केलं तर उगाच घर्षण वाढतं आणि ते चाकाकडे डुलतं. आऊटर स्वतःहून ज्या कमानीत बसेल ती लांबी बरोबर.

नव्या आऊटरमध्ये गाडीचं इंजिन ऑइल सोडायची पद्धत आपल्याकडे अजून आहे. ती बंद करा. तेल धूळ ओढून घेतं आणि दोघं मिळून काळा चिखल तयार होतो. डब्ल्यूडी-४०चा फवारा तर आत भरलेलं सिलिकॉन ग्रीसही धुऊन काढतो. लायनरवाल्या आऊटरला इनरवर सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात, बस.

सायकल उलटी करून पेडलच्या खाली, बॉटम ब्रॅकेटच्या पोटाशी बघा. दोन्ही गियरच्या वायरी तिथे एका प्लास्टिकच्या पट्टीवरून जातात. तिथे माती साचून दगड झालेली असते, कधी वायरीने प्लास्टिकमध्ये खोल चरे पाडलेले असतात. ती पट्टी एका स्क्रूवर असते आणि स्वस्त असते. नवीन वायरी जुन्या चऱ्यांत टाकू नका.

आता शिफ्टर. तुमचा सोरा आर३००० मालिकेचा असेल तर वायरी हँडलच्या टेपखालून जातात. त्याआधीच्या सोराला गियरची वायर लिव्हरच्या बाजूने बाहेर लोंबायची. टेपखालून जाणाऱ्या रचनेत वायर शिफ्टरच्या आत लहान गोलाईवर वळते, आणि गोळीपासून जवळच तिचे तंतू एक-एक करून तुटू लागतात. बाहेरून काहीच दिसत नाही. लक्षण असं की काल जुळवलेला गियर आज पुन्हा जुळत नाही, ॲडजस्टर (वायरीचा ताण कमी-जास्त करायची फिरकी) फिरवत राहावा लागतो. हे सुरू झालं की वाट बघू नका. वायर आत तुटली तर गोळी आणि तंतूंचा गुंता शिफ्टरच्या यंत्रणेत अडकतो आणि तो काढताना शिफ्टरच निकामी व्हायची भीती असते. त्यामुळे गियरची मागची इनर मी दरवर्षी बदलायला सांगतो, खराब दिसो न दिसो.

वायर काढण्याआधी शिफ्टर सगळ्यात लहान कॉगच्या क्लिकवर आणणं विसरू नका, नाहीतर गोळी बाहेर यायच्या भोकासमोर येत नाही आणि लोक मागून वायर ठोकत बसतात. टेप काढावा लागणारच आहे, तर नवा टेपही त्याच वेळी आणून ठेवा. जुना घामट टेप परत नीट बसत नाही.

डिस्क ब्रेकवाल्यांसाठी दोन वाक्यं, कारण पुढचा प्रश्न तोच येतो. वायरीवर चालणाऱ्या डिस्कला न दबणारा, म्हणजे ‘कम्प्रेशनलेस’ ब्रेक आऊटर लावला तर लिव्हरची स्पंजासारखी लागणारी चाल बरीच कमी होते. पण तो ब्रेकसाठीच बनवलेला, तारांवर मजबूत विणीचं वेष्टण असलेला हवा. त्यात आणि गियरच्या आऊटरमध्ये गल्लत करू नका. हायड्रॉलिक डिस्कला वायरच नसते.

बसवून झालं की बोल्ट ६ ते ७ न्यूटन-मीटरला आवळा. टॉर्क रेंच नसेल तर वायर चपटी होईपर्यंत, पण तंतू तुटू न देता. मग ब्रेकच्या लिव्हर जागेवरच दहा-पंधरा वेळा पूर्ण ताकदीने दाबा आणि गियर सगळ्या कॉगवरून फिरवा. नवी वायर ‘ताणली’ जाते असं म्हणतात, प्रत्यक्षात टोप्या आणि आऊटर आपापल्या जागी दबून बसतात. हे घरीच करून घेतलं की नंतर जुळवणी फारशी हलत नाही. तरीही पहिल्या दोन-तीन फेऱ्यांनंतर मागच्या ॲडजस्टरला थोडा फिरवावा लागेल. उतरताना गियर अजून सुस्त असेल तर वायर थोडी सैल करा. मोठ्या कॉगवर चढायला नाखूश असेल तर थोडी ताणा. जास्त झालेली वायर दोन बोटं ठेवून कापा आणि टोकाला ॲल्युमिनियमची टोपी दाबा, नाहीतर तंतू सुटतील आणि पुढच्या वेळी वायर आऊटरमधून परत ओढता येणार नाही.

तोरणमाळ समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरच्या वर आहे आणि शहाद्याकडून जाताना बहुतेक चढ शेवटच्या घाटात एकवटलेला आहे. येताना तोच उतार सलग लागतो. त्यामुळे वायरी आदल्या संध्याकाळी बदलू नका. निदान आठवडाभर आधी बदला आणि मधे एकदा प्रकाशा किंवा धुळ्याच्या रस्त्याला लांब फेरी मारून या. घाट उतरायच्या आधी वर थांबून दोन्ही ब्रेक दाबून बघा. लिव्हर हँडलपासून बोटभर लांब थांबली पाहिजे.

सीटखालच्या पिशवीत गियरची एक जादा इनर वायर आणि छोटी पकड ठेवा. घाटात वायर तुटली तर स्प्रिंग डिरेलरला सगळ्यात लहान कॉगवर नेऊन बसवते, आणि त्या गियरवर तोरणमाळचा चढ चढता येत नाही. टेप सोडून नवी वायर घालायला जागा किंवा उजेड नसेल, तर डिरेलरवर ‘एच’ लिहिलेला स्क्रू घड्याळाच्या दिशेने आत फिरवत जा. डिरेलर एखाद-दोन कॉग आत सरकून थांबतो. पुढची, पेडलजवळची लहान चकती (चेनरिंग) आणि तो कॉग मिळून निदान सपाटीला शहाद्यापर्यंत पेडल मारत येता येतं.